बॅटरी म्हणजे कोणती बॅटरी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विजेवरच्या गाडीचा किलोमीटरमागे खर्च किती कमी येतो, याची गणितं आपल्या अंकात अधूनमधून येत असतात. गणितं बरोबर आहेत. आमच्या घरी अशी गाडी आहे, बिल मीच भरतो, त्यामुळे तक्रार नाही. पण त्या गणितात एक रकाना कायम सुटतो. गाडीला मार बसला तर काय?

मी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये हयात घालवली. गाडी मुलीची, साडेचौदा लाखांची, वय दोन वर्षं आणि काही महिने. गेल्या दिवाळीत कोरेगावहून साताऱ्याला जाताना अंधारात एक नवा स्पीडब्रेकर आला. पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही. खालून ‘धडाम्’ झालं. उतरून टॉर्च मारली तर बाहेरून काही दिसेना. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर लाल इशारा आला आणि गाडी जागची हलेना. दोरी बांधून ओढायची सोय या गाड्यांना नसते. अख्खी गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी लागते.

वर्कशॉपात मी स्वतः लिफ्टखाली उभा राहिलो. बॅटरीच्या ॲल्युमिनियमच्या तळाला पुरीएवढा खड्डा, आणि आत कूलंटची वाहिनी चिरलेली. लॅपटॉप लावून तंत्रज्ञ म्हणाला, “काका, सेल सगळे ठणठणीत आहेत.” मी म्हटलं, मग तळ बदला. तो म्हणाला, “तळ सुटा येत नाही. कंपनी पूर्ण पॅकच देते.” पॅक म्हणजे सेल, वाहिन्या, तळ असं सगळं एकत्र बसवलेली अख्खी बॅटरी. आमच्या आगारात गिअरबॉक्स वाजला तर आम्ही उघडून बेअरिंग बदलायचो. इथे मात्र चांगल्या सेलसकट अख्खा पॅक बाहेर. पॅकची किंमत ५,९०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ६,९६,२००. मजुरी आणि किरकोळ धरून इस्टिमेट ७,३८,०००.

आता खरा मुद्दा. विमा होता, क्लेमही मंजूर झाला. सर्व्हेअर सज्जन होता, वेळेवर आला. पण मंजुरीच्या कागदावर पॅकसमोर ‘घसारा ५० टक्के’, म्हणजे वापराने उतरलेली किंमत म्हणून निम्मी वजावट, असं लिहिलेलं. म्हणजे ३,४८,१०० रुपये आमचे. मुलीने गेल्या वर्षी ऑनलाइन नूतनीकरण करताना साडेचार हजार वाचवायला ‘झिरो डेप’ (घसारा न कापण्याचं जादा संरक्षण) काढून टाकलं होतं. ती चूक आमची, ती मी लपवत नाही. पण झिरो डेप नाही म्हणजे निम्मे पैसे कापायचे, हे आलं कुठून ते शोधायला बसलो.

पॉलिसीच्या शर्तींत एक तक्ता असतो. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांना सरसकट ५० टक्के घसारा. बाकीच्या सुट्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काहीच नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५, असं चढत जातं. हा तक्ता २००२च्या मोटार टॅरिफमधला, म्हणजे तेव्हा सगळ्या विमा कंपन्यांना लागू असलेल्या दरपत्रकातला. २००७मध्ये विम्याचे दर मोकळे झाले, पण अनेक पॉलिसींत हा तक्ता तसाच चालत आला आहे.

२००२ साली बॅटरी म्हणजे काय होतं, ते मला विचारा. बॉनेटखालचा १२ व्होल्टचा डबा. त्यात डिस्टिल्ड वॉटर ओतायचं, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायची, तीन-चार वर्षांनी भंगारात द्यायचा. त्याला निम्मा घसारा लावला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. आज त्याच एका शब्दाखाली गाडीचा जवळजवळ निम्मा जीव येऊन बसलाय. अनेक कंपन्या या पॅकवर आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. (अर्थात अपघाताचा मार हमीत बसत नाही, हे आम्हाला तिथेच कळलं.) ज्या वस्तूवर बनवणारा आठ वर्षं हमी देतो, ती विमा कंपनीच्या लेखी पहिल्याच दिवशी निम्मी कशी झिजते? शेजाऱ्याच्या याच वयाच्या पेट्रोल गाडीचं इंजिन फुटलं असतं तर १५ टक्के कापले असते. तो हिशेब आम्हाला लावला असता तर १,०४,४३० रुपये भरावे लागले असते.

आणखी एक गंमत पाहा. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात आणि विमामूल्य देतात, तिथे सुट्या भागांचा घसारा लागत नाही. आमचं विमामूल्य १०,१५,०००. त्याचे ७५ टक्के ७,६१,२५०. इस्टिमेट त्याखाली २३,२५० रुपयांनी राहिलं. मार थोडा मोठा असता तर आमचं कमी नुकसान झालं असतं! शिवाय जुना पॅक कुठे गेला, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. निम्मे पैसे आम्ही भरले असतील तर आतल्या चांगल्या सेलच्या मोलातला निम्मा वाटा कुणाचा, हा प्रश्न मी लेखी विचारला आहे.

विमा नियामकाने ‘गाडी चालवणारी बॅटरी’ या तक्त्यातून वेगळी काढून तिला वयाप्रमाणे घसारा लावायला सांगावं, एवढंच माझं मुख्य म्हणणं आहे. तृतीय पक्ष विम्यात (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या सक्तीच्या विम्यात) ईव्हीला, म्हणजे विजेवरच्या गाडीला, १५ टक्के सूट २०२२पासून मिळते. ती चांगलीच आहे, पण असल्या बिलासमोर ती कुठल्या कुठे जाते. जीएसटीचंही तसंच. बॅटरीसकट नवी गाडी घेतली तर ५ टक्के, तीच बॅटरी अपघातानंतर बदलली तर १८. या फरकाचे आमच्या पॅकवर ७६,७०० रुपये होतात. आणि कंपन्यांनी तळ सुटा विकावा. ते जमत नाही असं मला कुणी सांगू नये.

तोवर ईव्हीवाल्यांनी नूतनीकरणाच्या वेळी झिरो डेप तपासावं, आणि त्यात ही बॅटरी येते की नाही ते लेखी विचारावं. क्लेमबद्दल कंपनीशी पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. पुण्यात कार्यालय आहे, फी लागत नाही. आमचा अर्ज तिथे गेला आहे.

त्या स्पीडब्रेकरवर मी नंतर टेप घेऊन गेलो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे. हा १७ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद निघाला. संबंधित कार्यालयाला फोटोसह पत्र दिलं, पोचही मिळाली. अजून तो तसाच आहे. तिथे आलो की मुलगी गाडी थांबवते, मागचे आम्ही दोघं उतरतो, ती तिरकी चाकं घालून एकेक करून पार करते आणि आम्ही पुन्हा बसतो.

आपला,
एक निवृत्त एस.टी. मेकॅनिक
कोरेगाव, जि. सातारा