‘हिमकडा’ आणि दगडांखालचा बर्फ

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिमालयात दुर्घटना घडली की मराठी वृत्तपत्रांत ‘हिमकडा कोसळला’ हा मथळा जणू ठरलेलाच असतो. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेला लोंढा आला, तेव्हाच्या बातम्याही याच शब्दाने सुरू झाल्या. पुढे उपग्रहांच्या प्रतिमा तपासल्यावर दिसले की रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ एकत्र सुटला होता आणि त्यात खडकाचा वाटा कितीतरी मोठा होता. नेमक्या शब्दाचा हा आग्रह भूगोलाच्या मास्तरांची खोड म्हणून कुणी सोडून देईल. परंतु पांढरे दिसेल तिथेच धोका शोधण्याची सवय या शब्दामुळे लागते, आणि राखाडी दगडांखाली जे गोठलेले आहे त्याकडे कुणाचे लक्षच जात नाही, म्हणून हे पत्र.

सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जिचे तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, त्या जमिनीला शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आपण तिला कायम गोठलेली जमीन म्हणू. अशा जमिनीतला बर्फ आणि दगडगोटे एकजीव होऊन उतारावरून सावकाश सरकू लागले की ‘रॉक ग्लेशियर’ तयार होतो. दगडी हिमनदी हा शब्द मला त्यासाठी पुरेसा वाटतो. तिचा वेग वर्षाला काही सेंटिमीटरपासून काही मीटरपर्यंत असतो. लाहौलमध्ये दारच्याहून बारालाचा खिंडीकडे जाताना जिभेसारखी पुढे आलेली अशीच एक दगडी हिमनदी मी जवळून पाहिली. पाठीवर घट्ट साईला पडाव्यात तशा आडव्या वळ्या, पुढचे तोंड उभे आणि तिथले दगड ताज्या फुटीचे, शेवाळ न धरलेले. दर थोड्या वेळाने एखादा खडा घरंगळत खाली येई. बर्फ नावालाही दिसत नव्हता. पायथ्याशी मात्र एक ओहोळ निघत होता. नेहमीच्या हिमनदीचे पाणी दगडाच्या पिठामुळे दुधाळ, गढूळ असते. हे पाणी नितळ होते आणि ऑगस्टच्या भर दुपारी त्यात बोटे अर्धा मिनिटही ठेवता येईनात.

अशा जागा आकाशातून ओळखणे वाटते तितके सोपे नाही. साध्या उपग्रह छायाचित्रात दगडी हिमनदीचा पृष्ठभाग आणि शेजारचा दगडांचा उतार एकाच रंगाचे दिसतात, कारण दगड तेच असतात. तेव्हा वळ्या, उभे तोंड, कडेच्या रेषा असा आकार पाहून ती ओळखावी लागते, आणि तिथे डोळा फसतो. मी स्वतः घरी बसून, संगणकावर प्रतिमा मोठी करकरून, जिथे मोठ्या खात्रीने दगडी हिमनदी आखली होती, तिथे प्रत्यक्ष गेल्यावर जुनी दरड निघाली. तिच्या तोंडावर गवत वाढले होते आणि गद्दी मेंढपाळांचा तळ पडला होता.

म्हणून आकाराच्या जोडीला हालचाल मोजावी लागते. एप्रिल २०१४ मध्ये सोडलेल्या युरोपीय सेंटिनेल-१ उपग्रहाच्या रडार लहरीची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर आहे. एकाच कक्षेतून १२ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदी ताडून पाहिल्या की परतलेल्या लहरींच्या कलेतला, म्हणजे लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यातला, फरक काढता येतो. उतार उपग्रहाकडे किंवा त्याच्यापासून दूर २.८ सेंटिमीटर सरकला की नकाशावर रंगांचे एक पूर्ण आवर्तन उमटते. या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. ताजे हिम पडले किंवा पृष्ठभाग फार वेगाने हलला की दोन नोंदींचा मेळ तुटतो, अरुंद दऱ्यांचा काही भाग रडारच्या सावलीत जातो, आणि उपग्रह जवळजवळ उत्तर-दक्षिण फिरत कडेला पाहत असल्याने त्याच दिशेने सरकणारी जीभ त्याला फारशी हललेली दिसत नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटरची लांब लहरही आहे, त्यामुळे यांपैकी पहिली अडचण बरीच कमी होईल. (२०१४ साली याच तारखेला आपल्या आंबेगाव तालुक्यातले माळीण दरडीखाली गेले होते, पुण्याच्या माणसाला ही तारीख वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.)

हे सारे अभ्यासकांच्या कुतूहलापुरते राहिलेले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधल्या दक्षिण ल्होनाक सरोवरात काठावरचा गोठलेला हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग) कोसळला, त्या लाटेने सरोवर फुटले आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले. तो उतार आधीची काही वर्षे सरकत होता, हे उपग्रहांच्या जुन्या नोंदींत नंतर सापडले. नोंदी होत्या आणि त्या सर्वांना मोफत खुल्या होत्या. त्या वेळेवर उलगडून पाहणारे कुणी नव्हते, एवढेच. दगडी हिमनद्यांचा वेग हे पर्माफ्रॉस्टमधील बदलांचे एक परिमाण म्हणून जागतिक हवामान निरीक्षण प्रणालीने २०२२ मध्ये स्वीकारले आहे. आल्प्समध्ये स्वित्झर्लंडमधल्या मुर्तेल या दगडी हिमनदीत १९८७ साली पाडलेल्या छिद्रातून जमिनीचे तापमान आजवर नोंदले जाते. हिमालयाच्या विस्ताराच्या मानाने आपल्याकडे अशा नोंदी अगदीच थोड्या आहेत, आणि जमिनीवरच्या नोंदीशिवाय रडारचा आकडा पडताळता येत नाही.

इथे पुण्याला करण्यासारखे बरेच आहे. दर उन्हाळ्यात या शहरातून गिर्यारोहणाच्या तुकड्या लाहौल, झांस्कर आणि गढवालकडे जातात, आणि भूगोल व भूशास्त्र शिकणारी मुले इथे शेकड्यांनी आहेत. महाविद्यालयांनी पदवीच्या प्रकल्पासाठी एकेक खोरे वाटून द्यावे आणि मुलांनी सेंटिनेलच्या नोंदींवरून सरकणारे उतार आखावेत. डोंगरावर जाणाऱ्यांनी त्यांचा नकाशा सोबत न्यावा, मोबाइलमधली स्थाननोंद चालू ठेवून जिभेच्या तोंडाचे छायाचित्र दरवर्षी त्याच दगडावरून काढावे, आणि पायथ्याचे पाणी नितळ आहे की गढूळ, एवढे जरी वहीत लिहून आणले तरी पुष्कळ आहे. आपल्या दैनिकाकडे मागणे एकच : पुढच्या वेळी ‘हिमकडा’ हा शब्द मथळ्यात घालण्यापूर्वी, कोसळले ते खडक होते, हिमोढ होता की खरोखरच हिमनदीचा तुकडा, हे एखाद्या भूशास्त्रज्ञाला फोन करून विचारून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
सहकारनगर, पुणे