मोनेच्या बर्फावरची निळी सावली राखाडी छापू नका

महोदय,

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या 'मॅगपाय' या हिमचित्रावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख अभ्यासपूर्ण होता. सोबत छापलेल्या चित्राने मात्र लेखाचा घात केला. बर्फावरच्या सावल्या राखाडी उतरल्या होत्या आणि डावी बाजू इतकी कापली होती की फाटकावरचा पक्षीच नाहीसा झाला. चित्राचे नाव ज्याच्यावरून पडले, तोच नाही!

१८६८-६९च्या हिवाळ्यात नॉर्मंडीतल्या एत्रताजवळ रंगवलेले हे चित्र १८६९च्या सलोनच्या, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी नाकारले होते. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ८९ बाय १३० सेंटिमीटरच्या या कॅनव्हासवर ऊन कुंपणापलीकडून येते, त्यामुळे काटक्यांच्या कुंपणाची सावली पाहणाऱ्याच्या दिशेने पुढच्या बर्फावर पसरते. ती निळसर-जांभळी आहे आणि तोच या चित्राचा प्राण आहे. सावलीत थेट ऊन पोचत नाही, तिथे उजेड येतो तो मोकळ्या आकाशाचा, आणि बर्फाला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्याने तो निळेपणा तसाच परत फेकला जातो. शेजारच्या उन्हातल्या बर्फाला किंचित पिवळी झाक असते, म्हणून निळा आणखी उठून दिसतो. काळा मिसळून केलेल्या सावलीत हे घडत नाही. बर्फ मळका दिसतो, बस्स.

छपाईत नेमके हेच झाले असावे. फोटो सॉफ्टवेअरमधली 'ऑटो कलर' सोय अशा चित्रातला निळा हा कॅमेऱ्याचा दोष समजून काढून टाकते. ती बंदच ठेवावी. सावलीत काळी शाई शून्य ठेवून सायन (छपाईची निळी शाई) ३० ते ३५ टक्के, मॅजेंटा (गुलाबी-जांभळी शाई) त्याच्या साधारण निम्मा असे प्रमाण धरून सुरुवात करावी. मॅजेंटा वाढला तर सावली जांभळाच्या रसासारखी होते. पिवळा तिथे नकोच, कारण न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा कागद, मुळात पिवळट असतो. छपाईत छटा शाईच्या बारीक ठिपक्यांनी बनते. या कागदावर शाई फुटते आणि पडद्यावरचा ५० टक्क्यांचा ठिपका ७५च्या आसपास दिसतो, म्हणून मधल्या छटा आधीच हलक्या कराव्या लागतात. उलट तीन टक्क्यांखालचा ठिपका उमटतच नाही. उन्हातल्या बर्फाची पिवळी झाक टिकवायची तर तिथे चार-पाच टक्के पिवळा हवा. रजिस्ट्रेशन, म्हणजे वेगवेगळ्या शाईंचे छाप एकमेकांवर नेमके बसणे, जरासे हलले तरी कुंपणाच्या बारीक काटक्यांना रंगीत कडा येतात, तेव्हा चित्र किमान तीन कॉलम रुंद घ्यावे.

आणि कातरी लावू नये. पांढऱ्याच्या इतक्या छटांमध्ये तो काळा-पांढरा पक्षी हा एवढासा ठसठशीत गडद ठिपका आहे. त्याच्यामुळेच बाकीचा बर्फ उजळ वाटतो.

रेखाकला परीक्षांना बसणारी मुले अशी चित्रे कापून वहीत चिकटवतात, म्हणून हा आग्रह. राखाडी छपाई पाहून तीही पोस्टर कलरच्या पांढऱ्यात काळा कालवतात. त्याऐवजी दहा भाग पांढऱ्यात एक भाग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच क्रिमझन (गडद लाल) घालून पाहावे. पोस्टर कलरच्या फिक्या छटा वाळल्यावर थोड्या गडद होतात, त्यामुळे आधी फालतू कागदावर पट्टी ओढून वाळू द्यावी. जलरंगात तर पांढरा लावूच नये, उजळ बर्फासाठी कागद कोरा सोडावा. बर्फ पाहायला नॉर्मंडीला जायची गरज नाही. जानेवारीत निरभ्र सकाळी चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर पडलेली झाडाची सावली पाहिली तरी निळा सापडतो. आकाश ढगाळ असेल तर सापडणार नाही, तेवढे मुलांना सांगावे.

पुढच्या पुरवणीत हे चित्र न कापता पुन्हा छापावे आणि त्याचा प्रूफ (छपाईआधीची नमुना प्रत) पडद्यावर न तपासता प्रत्यक्ष न्यूजप्रिंटवर काढून तपासावा, ही विनंती.

— एक चित्रकला शिक्षक, सांगली