बाबा, परवाना माझ्या नावावर नको

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "सत्तरी उलटली, आता रिव्हॉल्व्हर तुझ्या नावावर करून टाकतो." नियम मीही पाहिला. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, की वारसाचं नाव देता येतं. पण वारसालाही स्वतःचा परवाना काढावा लागतो, आणि मला तो काढायचा नाही. तुम्हीही आता नूतनीकरण करू नये, असं मला मनापासून वाटतं.

ते घरात का आलं, हे मला ठाऊक आहे. सुताच्या धंद्यात तुम्ही रोकड घेऊन अशोक चौकातून रात्री-बेरात्री यायचात आणि आई गॅलरीत उभी असायची. पण ते कमरेला असलं की तुम्ही जास्तच नमतं घ्यायचात. सात रस्त्यावर एकानं स्कूटरला धडक देऊन वर शिव्या घातल्या, तरी "चुकलं भाऊ" म्हणून तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. मी चिडले होते. "ज्याच्याजवळ हत्यार आहे, त्याला भांडायची मुभा नाही," असं तुम्ही घरी येऊन सांगितलंत. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला निघताना ते कुलपात आणि गोळ्या दुसऱ्या कपाटात. वरातीत बार काढा म्हणून मामा मागे लागले, तेव्हा तुम्ही जेवणावरून उठून आलात. अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनं आली. तुम्ही त्याच्या कितीतरी आधीपासून ते पाळत होतात.

म्हणूनच हे तुम्हालाच लिहिते आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चहाचा कप धरताना उजवा हात थरथरतो. रात्री दोनला अंगणात कोणी दिसलं, तर तो चोर आहे की शेजारचा मुलगा, हे चष्म्याशिवाय कसं कळणार? भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायला तो नाही. पोलिसांना बोलवायला सवड असेल, तर तो हक्कच उरत नाही. अंधारात घाबरलेल्या माणसानं हे सगळं क्षणात तोलायचं! त्यापेक्षा आतून कडी लावा, दिवे लावा, ११२ फिरवा.

आई, तुझ्यासाठी दोन गोष्टी. संभाजी तलावावर सकाळी फिरताना कोणी "आम्ही पोलीस, पुढे खून झालाय, दागिने काढून पुडीत बांधा" म्हणालं, तर थांबायचं नाही. माणसं असतील तिकडे चालायचं, मोठ्यानं बोलायचं. रस्त्यात पोलीस कोणाचे दागिने पुडीत बांधून देत नाहीत. आणि व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असं कोणी म्हणालं, तर फोन ठेव. तशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर. आज तुमच्या घरावर डोळा ठेवणारा माणूस बहुधा फोनवरूनच येईल, बाबांच्या कमरेला काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बाबा, पुढच्या आठवड्यात मी येते. तोवर हत्यार रिकामं करून कुलपात ठेवा, किल्ली फक्त तुमच्याजवळ. परवाना आणि गोळ्यांचा हिशेब काढून ठेवा. आधी पोलीस आयुक्तालयात विचारू, मग पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करू आणि पावती घेऊ. निवडणुकीच्या वेळी जमा करताना पावती जपून ठेवायचात ना, तशीच हीही फाइलला लावा.

दाराला साखळी आणि बाहेर दिवा बसवायला वायरमनला सांगितलंय. गुरुवारी तो येईल. आधी माझा फोन येईल, मगच दार उघडा.

तुमची,
मनू