विषय : हिरड्यांच्या सफाईचे पैसे घेऊन दात पुसून पाठवल्याबद्दल

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच संपला. संपला म्हणजे तिकडूनच कट झाला. म्हणून आता लेखी.

आईच्या नावानं तुमच्या लातूरच्या शाखेत हिरड्यांचा वार्षिक प्लॅन घेतलाय. त्यात काय काय आहे ते तुम्हाला सांगायची गरज नाही, माहितीपत्रक तुमचंच आहे. तरी आठवण म्हणून : हिरड्यांच्या पॉकेटची, म्हणजे दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची, मोजणी आणि तिचा चार्ट, हिरडीच्या वरचं आणि खालचं स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणं, पॉलिशिंग, आणि दीड-दोन महिन्यांनी फेरतपासणी. यातलं वरवरचं स्केलिंग तेवढं झालं. बाकी सगळं तुमच्या सिस्टीममध्ये झालं.

आईला शुगर आहे. तिच्या शुगरच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की हिरड्या सुजलेल्या राहिल्या तर शुगर आटोक्यात यायला जड जातं आणि शुगर वाढलेली राहिली तर हिरड्या आणखी बिघडतात, तेव्हा आधी दातांच्या डॉक्टरकडं जा. म्हणजे आम्ही दात चकचकीत करून घ्यायला आलो नव्हतो. हे तुमच्या फॉर्मवर मी स्वतः लिहून दिलंय, ‘मधुमेह’ या शब्दाखाली रेघ ओढून.

खुर्चीशेजारी मी उभी होते. मशीनची टोकदार सळई पुढच्या दातांवरून फिरली, पाणी उडालं, थुंकायला सांगितलं, झालं. खालच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला, जिथं जिभेखालून लाळ येते, तिथं पिवळट कीटणाची सलग पट्टी होती. ती निम्मी निघाली, निम्मी तशीच. मिलिमीटरच्या खुणा असलेली ती बारीक सळई, जिनं दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीची खोली मोजतात, ती ट्रेमध्येच पडून राहिली. एका दाताभोवती सहा ठिकाणी मोजायचं असतं. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या पुढं गेलं की खाली कीटण दडलंय का ते बघावं लागतं. इथं एका दाताला एका ठिकाणीसुद्धा ती सळई लागली नाही. खालची सफाई बधीर करून, एकेक बाजू घेऊन, दोन-तीन बैठकांत करतात असंही तुमच्याच माहितीपत्रकात आहे. आईला इंजेक्शन दिलं नाही, दुसऱ्या बैठकीची तारीखही नाही. पाहुणे यायच्या आधी केर सतरंजीखाली लोटावा, तशी ही सफाई. बाहेर आल्यावर आई म्हणाली, “दाढंकडं तर गेलेच नाहीत की गं ते. उगं पाणी उडवलं नुसतं.”

रक्त येतच राहिलं. सफाईनंतर काही दिवस दात सणकतात, कीटण निघाल्यावर फटी मोठ्या वाटतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रारच नाही. तक्रार दाढांच्या बाजूला ब्रश लागला की बेसिनमध्ये लाल दिसतं त्याची आहे. त्या दाढांना तुम्ही हातच लावला नाही.

आता फोनबद्दल. पहिल्या मुलानं “मॅम, सिस्टीममध्ये स्केलिंग कंप्लीट दाखवतंय” हे वाक्य ज्या चालीत म्हटलं, त्याच चालीत मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला परत म्हटलं. चार्ट पाठवा म्हटलं, कंप्लीट दाखवतंय. कोणत्या दाताला किती मिलिमीटर होतं म्हटलं, कंप्लीट दाखवतंय. मोजलंच नाही तर कंप्लीट कसं म्हटलं, तर “मॅम, तुमचा आवाज तुटतोय.”

मग वरिष्ठ आले. त्यांचा आवाज फार मृदू. त्यांनी विचारलं, “मॅम, आई मिसरी लावतात का?”

मी म्हटलं, नाही.

“तंबाखू?”

नाही.

“नाही म्हणजे, कधीतरी? आपल्याकडं ग्रामीण भागात लेडीज लावतात ना मॅम, आणि घरी सांगत नाहीत. म्हणून विचारलं.”

महोदय, माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. पोरांच्या खिशातल्या गुटख्याच्या पुड्या काढून घेऊन त्यांच्या बापांना शाळेत बोलावणारी बाई. ती शेजारीच बसली होती आणि फोन स्पीकरवर होता. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि “ठेव बाई फोन” एवढंच म्हणाली. मी ठेवला नाही. प्रश्न विचारण्यात गैर काही नाही, तंबाखूचा आणि हिरड्यांचा संबंध आहेच. पण तो प्रश्न खुर्चीत बसवण्याआधी विचारायचा असतो, पैसे घेऊन काम अर्धवट टाकल्यावर बचाव म्हणून नाही. आणि समजा, लावत असती मिसरी. मग काय मोजायचं नसतं? उलट जास्तच काळजीनं मोजायचं असतं.

मिसरी हाताला लागली नाही, तेव्हा पाणी काढलं. “लातूरचं पाणी जड आहे ना मॅम, त्यामुळं लेअर बसतो.” 2016 साली आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हापासून लातूर म्हटलं की बाहेरच्या प्रत्येकाला आमच्या पाण्याबद्दल दोन शब्द बोलायचेच असतात. हरकत नाही. पण दंतोपचाराचा धंदा करणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठांना हे तरी माहीत असावं, की दातांवर साचलेल्या जंतूंच्या चिकट थरात लाळेतला चुना बसून कीटण होतं, आणि लाळ पुण्या-मुंबईच्या माणसांनासुद्धा असते. एकदा ते कडक झालं की ब्रशनं निघत नाही. म्हणून तर तुमच्याकडं आलो! ब्रशनं निघालं असतं तर साडेतीन हजार तुम्हाला कशाला दिले असते?

यावर उपाय म्हणून त्यांनी माऊथवॉश सुचवलं. तुमच्याच कंपनीचं. दहा टक्के सवलतीत. हिरडीखालच्या दगडाला वरून खळखळून काय होणार, हे विचारायच्या आत फोन कट.

चार्ट अजून मिळालेला नाही. हे वर एकदा लिहिलंय, तरी पुन्हा लिहिते, कारण फोनवर कितीही वेळा सांगितलं तरी कुणी लिहून घेतलं नाही. मोजणी केली असेल तर चार्ट द्या. केली नसेल तर तसं लेखी द्या.

खरं सांगायचं तर वाईट याचं जास्त वाटतं की आम्ही तुमच्या नावावर आलो. गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांकडं यंत्रं कमी आहेत, पण ते तोंडात आरसा घालून एकेक दाढ बघतात आणि “ताई, हे माझ्याच्यानं होणार नाही, हिरड्यांच्या डॉक्टरकडं जा” असं तोंडावर सांगतात. आम्हाला वाटलं, मोठी कंपनी आहे, काचेची दारं आहेत, सगळं नियमानं होत असेल. काचेची दारं खरोखरच चांगली आहेत, तेवढं श्रेय देते.

माझं म्हणणं असं : हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून पूर्ण मोजणी, हिरडीखालची सफाई आणि ठरलेली फेरतपासणी लातूरलाच करून द्या, पुण्याला या म्हणू नका. नाहीतर सगळे पैसे परत करा, आम्ही दुसरीकडं करून घेऊ. आणि ज्यांनी मिसरीचा प्रश्न विचारला, त्यांनी माझ्या आईची माफी मागायची, माझी नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार नोंदवेन आणि तिथून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते तिथंच, म्हणजे लातूरलाच दावा लावता येतो आणि एवढ्या रकमेला फीसुद्धा पडत नाही. तुमच्या वकिलांना मात्र प्रवासखर्च पडेल. पाणी सोबत आणा म्हणावं.

पावती, माहितीपत्रकाची प्रत आणि आईच्या शुगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. चार्ट जोडता आला नाही, कारण तुम्हाला कळलंच असेल.

फोन करू नये. ‘आमची सेवा कशी वाटली, पाचपैकी किती स्टार द्याल’ हा मेसेजही आता थांबवावा.

आपली ग्राहक (प्लॅन संपेपर्यंत),
लातूर