ऊन डोक्यावर, पण घरात वीज नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी आमच्या नेरूळच्या रो-हाऊसची वीज गेली. गच्चीवर तीन किलोवॉटची सोलर पॅनेल रणरणत्या उन्हात होती आणि खाली आईच्या खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, वीज गेल्याची शिट्टी वाजवत होता. मी धावत जिन्यातल्या सोलर इन्व्हर्टरपाशी, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्रापाशी गेलो. हिरवा दिवा जाऊन तांबडा लागला होता, पडद्यावर ग्रिड, म्हणजे बाहेरची वीज, नसल्याचा संदेश होता. राखीव सिलिंडरची नळी जोडून होईपर्यंत आई उशीला टेकून तोंडाने श्वास घेत होती.

आम्ही सोलर बसवले ते केवळ बिलासाठी नव्हे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा वीजवाहिन्यांच्या बिघाडानंतर मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी बंद पडली, तेव्हा आईचा कॉन्सन्ट्रेटर नुकताच घरी आला होता. ते काही तास आम्ही कसे काढले ते आमचे आम्हाला ठाऊक. पुढे २०२४ मध्ये गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांचे अनुदान मिळाले आणि वाटले, आता ती वेळ पुन्हा यायची नाही. पॅनेल बसवणाऱ्या एजन्सीने बिल किती कमी येईल याचा तक्ता दिला. लाइट गेली की सोलरही बंद पडते, हे मात्र कुणी सांगितले नाही आणि ते विचारायचे असते हे आम्हाला माहीत नव्हते.

बंद पडण्यामागचे कारण रास्त आहे. नेट मीटरवरचा (घेतलेली आणि बाहेर दिलेली, दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरवरचा) साधा इन्व्हर्टर रस्त्यावरच्या लाइनशी ताळमेळ ठेवून चालतो. लाइन गेल्यावरही तो चालू राहिला, तर आपल्या गच्चीवरची वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. त्यामुळे नियमाबद्दल माझी तक्रार नाही. ग्राहकाला हे आधी न सांगण्याबद्दल आहे.

मग बॅटरीची चौकशी सुरू केली. जो येई तो एकच विचारी, ‘किती तासांचा बॅकअप हवा?’ पण तास कशाचे? शेवटी मी आणि बायको वही घेऊन बसलो. कॉन्सन्ट्रेटर साडेतीनशे वॉट, पंखा पंचाहत्तर, दोन एलईडी दिवे आणि वायफाय मिळून पंचवीस-तीस. म्हणजे साधारण साडेचारशे वॉट, रात्रीचे नऊ तास धरले तर चार युनिट. एसी, गीझर, पाण्याचा पंप यादीतून काढले. एवढी वजाबाकी झाल्यावर पाच युनिटची लिथियम बॅटरी पुरेशी ठरली. त्याआधी एकाने आम्हाला दहा युनिटची सुचवली होती!

जुन्या सेटला बॅटरी जोडायचे मार्ग दोन. सोलर इन्व्हर्टर काढून पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर बसवायचा किंवा जुना तसाच ठेवून शेजारी बॅटरीचा वेगळा इन्व्हर्टर लावायचा. दुसऱ्या मार्गात दोन्ही यंत्रे एकमेकांशी जुळतात का, हे आधी तपासावे लागते. बॅटरी भरल्यावर जास्तीची सोलर वीज आवरता आली पाहिजे. आम्ही हायब्रिड घेतला. वायरमनने आईच्या खोलीची लाइन मुख्य बोर्डातून सोडवून वेगळ्या एमसीबीवर (आपोआप पडणाऱ्या स्विचवर) घेतली, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरी तेवढ्याच खोलीला पुरते. सगळ्या खर्चात हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचे ठरले. बॅटरी जिन्याखाली ठेवू दिली नाही, कारण बाहेर पडायची वाट तीच. गच्चीवरच्या उन्हातही नको, म्हणून ती मागच्या सावलीच्या भिंतीला आहे. पावसाळ्यात पॅनेलवर भरवसा ठेवत नाही. जूनपासून बॅटरी लाइनवरही भरेल आणि ऐंशी टक्क्यांखाली उतरणार नाही असे सेटिंग केले आहे. वीज गेली तरच ती पुढे वापरली जाते.

वाचकांनी एक लक्षात घ्यावे. नेट मीटर असताना दिवसाचे जास्तीचे युनिट तसेही खात्यात जमा होतात, उलट बॅटरीत भरताना-काढताना थोडी वीज वाया जाते. बॅटरी घेतल्याने बिल आणखी उतरेल असे कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून हिशेब कागदावर मागावा. ती घ्यायची ती वीज गेल्यावर घर चालावे म्हणून.

माझ्या मागण्या दोन. सोलरच्या प्रत्येक कोटेशनवर ‘वीजपुरवठा बंद झाल्यास ही यंत्रणा बंद राहील’ हे वाक्य मराठीत, ठळक अक्षरांत छापणे सक्तीचे करावे आणि त्याखाली ग्राहकाची सही घ्यावी. दुसरी मागणी अनुदानाची. सूर्यघरचे पैसे पॅनेलच्या सेटला मिळतात, बॅटरीला मिळत नाहीत. ज्या घरात ऑक्सिजनवर किंवा श्वासाच्या यंत्रावर माणूस आहे, तिथे डॉक्टरांचा दाखला घेऊन निदान चार-पाच युनिटच्या बॅटरीला राज्य सरकारने मदत करावी. आम्ही साठवलेल्या पैशांतून घेतली. आमच्या गल्लीत आणखी एका घरी असाच कॉन्सन्ट्रेटर आहे, तिथल्या आजी एकट्या राहतात आणि पेन्शनवर भागवतात.

– एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई