लुनापेक्षा थोडी मोठी, एवढंच

प्रिय आई-बाबा,

पुण्यात धाकट्याकडं चांगलेच रमलाय, फोन पण दोन मिनिटात ठेवता, म्हणून लिहूनच टाकते. मी रेसिंगसाठी एक छोटी मोटरसायकल घेतलीय. आई, कपाळावर हात मारून झाला की पुढचं वाच.

रस्त्यावर नाही चालवायची. असल्या गाडीचं आरटीओत पासिंगच होत नाही, त्यामुळं रंकाळ्याला चक्कर वगैरे विषयच नाही. छोटा हत्तीत घालायची, गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर न्यायची, फिरवायची आणि झाकून घरी आणायची.

बाबा, आधी मी पॉकेट बाईकच घेणार होते. तुमच्या गुडघ्याएवढी असते बघा, ४९ सीसी, टू-स्ट्रोक, दोरी ओढून चालू करायची, गिअर नाही, सेंट्रिफ्युगल क्लच, म्हणजे रेस दिली की आपोआप लागणारा. इंजिन आपल्या लुनाएवढंच आणि १ लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल मिसळायचं, तो धुराचा वास आला आणि मला एकदम मेरी वेदर ग्राउंडवर तुम्ही मागनं कॅरिअर धरून पळताय तेच आठवलं. म्हणजे जवळजवळ पैसे काढूनच दिले होते. पण बसून बघितलं तर गुडघे कोपरांना लागतात, साडेसहा इंची रिमवर बारकासा खड्डा पण कमरेत कळतो, आणि ती स्वस्तातली चायनीज होती, चेन इतकी नाजूक की सायकलची बरी. चांगल्या इटालियन मिळतात, मोटरसायकल रेसिंगचा जगज्जेता रॉसी लहानपणी असल्याच मिनीमोटोवर शिकला, पण तो लहान होता आणि मी एक्केचाळीसची आहे.

मग १२ इंची चाकांची १२५ सीसी पिट बाईक घेतली. फोर-स्ट्रोक, चार गिअर, हातात क्लच. इंजिन आडवं झोपलेलं, स्प्लेंडरसारखंच, म्हणजे कुठल्याही गॅरेजवाल्यासमोर उघडं टाकलं तर तो घाबरणार नाही. मला हेच पाहिजे होतं, कारण पार्टसाठी महिना महिना थांबायचं असेल तर गाडी कितीही भारी असू दे, व्हरांड्यातलं शोपीस.

धाकटा म्हणतोय एवढ्या पैशात जुनी दीडशे-दोनशेची खरी बाईक आली असती. त्याला सांगा, कार्टिंगच्या ट्रॅकवर वळणामागं वळण, तिथं मोठी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जातच नाही, नुसती ब्रेक आणि क्लचची ओढाताण. छोटीला तिथं पूर्ण पिळता येतं. आणि पडलं तरी स्पीड कमी, वजन कमी, पाय अडकला तर एकटीला उचलून काढता येते. (पडलेय एकदा. कोपर. आता बरंय.) लेदरचा सूट, ग्लोव्हज, घोट्याच्या वर जाणारे बूट, फुल फेस हेल्मेट सगळं घेतलंय, आणि खरं सांगायचं तर खिसा त्यातच जास्त रिकामा झाला, आकडा फोनवर सांगते, आई जवळ नसताना.

आता बाबा, तुमच्याकडं काम आहे. पुढं १५ दाती आणि मागं ३७ दाती स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आहे, वळणातनं बाहेर पडताना गाडी ओढतच नाही, मला मागं ४१ पाहिजे. चेन ४२० साइजची. तयार मागवता येतं, पण बोल्टची भोकं जुळतील का याची खात्री कोण देणार, त्यापेक्षा उद्यमनगरात तुमच्या जुन्या लेथवाल्यांकडनं करून घ्यावं असं डोक्यात आहे. मी गेले होते, ते म्हणाले पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मोजून आण, आणि "वडलांना घेऊन ये, चहा पिऊ." मी फौंड्रीत क्वालिटीला आहे हे सांगितलं तरी माझ्या मापावर त्यांचा विश्वास नाही!

तर तुमचा तो व्हर्निअर माळ्यावरच्या ट्रंकेत आहे ना? किल्ली कुठं ठेवलीय ते तेवढं कळवा, देवघरात बघितली, नाही सापडली.

तुमची,
मोठी