साहेब, गाय विण्याआधी या

मा. पशुसंवर्धन मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

परवा मंगळवारी पहाटे आमची चंद्री गेली. तिसऱ्या वेताची, भरपूर दूध देणाऱ्या एचएफ (होल्स्टिन) जातीची गाय, विऊन नववा दिवस. आधी वासरामागून पडायची वार पडली नाही, मग ताप, मग कास दगडासारखी आणि सडातून पिवळं पाणी. जनावरांच्या सरकारी दवाखान्याला कुलूप. फोन केला तर "साहेब मीटिंगला गेलेत." दुसऱ्या दिवशीही मीटिंगच. शेवटी खासगी डॉक्टर आणला. तो म्हणाला, ताई, उशीर झाला.

उशीर नेमका कधी झाला ते नंतर कळलं. माझा भाचा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. तो म्हणाला, पोटातलं वासरू निम्मं वळूचं, म्हणजे आईच्या अंगाला निम्मं परकं. ते टिकावं म्हणून गाभणपणात गाय जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशींना जरा आवरून धरते. त्यात विताना कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक वाढतं, खाणं घटतं, कॅल्शियम चिकाकडे ओढलं जातं. त्यातल्याच न्यूट्रोफिल नावाच्या पेशी एरवी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडतात आणि जंतूवर तुटून पडतात. विण्याच्या वेळी त्यांची ती चिकटायची कडीच गळते. मग रक्तात त्यांची संख्या उलट वाढलेली दिसते, पण कासेत वेळेवर पोचत कुणी नाही.

साहेब, गाय दारात मेलेली असताना मला हसू आलं. मंत्रालयात गर्दी आणि गावात कुलूप! गाईचं हे काही आठवड्यांपुरतं असतं. तुमचं खातं बारा महिने गाभण आहे का?

वार सुटायलासुद्धा याच पेशी लागतात म्हणे. ज्या गाईची वार अडकते, तिच्या या पेशी विण्याच्या 2 आठवडे आधीपासूनच मंदावलेल्या सापडतात. म्हणजे मी दवाखान्याचं कुलूप वाजवत होते तेव्हा वेळ कधीच टळली होती. विण्याआधी दूध आटवताना सडात सोडायची औषधाची ट्यूब, मग सेलेनियम, ई जीवनसत्त्व, एवढ्यानं कदाचित निभावलं असतं. आणि गेल्या वर्षी आमच्या गावच्या शिबिरात तुमच्याच खात्यानं माइकवरून सांगितलं होतं: "गाभण जनावराच्या गोठ्यात डॉक्टर स्वतः येईल." मी शेणाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या. गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबरही लिहून नेला. तो बिल्ला आता खुंटीला टांगलाय.

सुनेला दिवस गेले तेव्हा आशाताई दर महिन्याला दारात यायच्या. त्यांना नाव ठेवणार नाही. पण त्या सुनेचं बाळंतपण चंद्रीच्या दुधावर झालं, ते कुठल्या रजिस्टरात लिहायचं? गाईला 95 हजार मोजले होते, पतसंस्थेचे. दिवसाला 18 लिटर दूध. माझा हिशोब तोंडी आहे, पण वर्षाला लाखभर तरी बुडाले. तुमच्या एका सभेच्या मंडपाच्या पैशात अशा 4 गाई येतील. मोजून बघा, 5 निघतील.

आमच्या खटावात पाऊस नाही, म्हणून दूध करा असं तुम्हीच सांगता. उसाला कारखाना, कारखान्याला चेअरमन, चेअरमनला तिकीट. दुधाला काय? दूध संकलनाच्या काट्यावरचा पोरगा म्हणतो, काकी, फॅट लागत नाही. चाळीस वर्षं मत देतेय, माझंही काही लागलेलं नाही.

मागणी एवढीच, आणि ती लिहितानाही संताप येतोय: विण्याआधीचे 3 आठवडे आणि नंतरचे 3, या काळात माणूस पाठवा. तारीख कळली नाही म्हणू नका. गाईचं कृत्रिम रेतन तुमचाच माणूस करतो, पावतीवर तारीख असते. तिच्यात 280 दिवस मिळवायचे. एवढी बेरीज खात्याला जमावी.

आमची दुसरी गाय भाद्रपदात विणार आहे. पावती जपून ठेवलीय.

आपली,
एक दूधवाली, ता. खटाव, जि. सातारा